घोडा, गुजरी आणि पाण्यातली गाडी

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. राजाराम बंधाऱ्यावरचा हा आकडा कोल्हापूरकर पावसाळ्यात सोन्याच्या भावासारखा बघतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये त्याहूनही थोडं चढलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क अशा चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. माणसं निघाली, जनावरं निघाली, पण तळघरांतल्या पार्किंगमधल्या गाड्या सगळ्याच निघाल्या नाहीत. पूर ओसरल्यावर भिंतीवरच्या रेघा रंगाखाली गेल्या. गाड्यांवरच्या रेघा कुठे गेल्या, हा प्रश्न मात्र फार कुणी विचारला नाही.

पाण्यात बुडालेल्या महागड्या गाडीला पुढे दोन वाटा असतात. पहिली विम्याची. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि उरलेला सांगाडा जास्त बोली लावणाऱ्याकडे जातो. म्हणायचा सांगाडा, पण त्याची चारही दारं, चामड्याच्या सीट आणि बोनेटवरचा बिल्ला शाबूत असतो. दुसरी वाट आणखी आडवळणाची. पाण्यात उभ्या गाडीला मालकाने घाबरून स्टार्टर मारला, इंजिनाने पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर विमा कंपनी म्हणते की हे नुकसान पुराने झालेलं नाही, तुमच्या स्टार्टरने झालेलं आहे. इंजिनाचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर दावा अडतो. मोठ्या गाडीच्या इंजिनाचं बिल लाखांत जातं. अशा मालकाला गाडीचा खरा इतिहास सांगण्यात काडीचाही फायदा नसतो. तो गाडी जमेल तशी उभी करतो, सुकवतो आणि विकतो. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण सुकवलेली गाडी निकामी कुठे असते? ती चालू होते आणि एसीही गार देतो. दोन्ही वाटा शेवटी जुन्या गाड्यांच्या बाजारात येऊन मिळतात.

समजा, एका कारखानदाराने ७ वर्षांची जर्मन सेदान २२ लाखांना घेतली. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर दिवे लागायला लागले, एकदा एअरबॅगचा, एकदा गिअरबॉक्सचा, एकदा कशाचाच नाही. उद्यमनगरातल्या मेस्त्रीने पुढची सीट सोडवली. सीटच्या रुळाचे बोल्ट बाहेरून चकचकीत, पण आट्यांत तांबूस. गालिचा उचलला तर खालचा फोम दाबल्यावर अजून ओलसर लागतो. वायरिंगचा गुच्छ याच फोममधून जातो. एका कनेक्टरच्या पिनांवर तांब्याचा हिरवा गंज चढलेला. मग त्याने सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत, एरवी कुणी ओढत नाही इतका, बाहेर ओढला. पट्ट्याचा आतला हातभर भाग मातकट होता आणि जिथे मातकटपणा संपत होता तिथे सरळ रेघ होती. गाडी धुणाऱ्याने सगळं धुतलं होतं, गुंडाळलेला पट्टा तेवढा राहिला होता.

ही गाडी विकणाऱ्याने परत घ्यावी की नाही? एक बाजू व्यापाऱ्याची, दुसरी ग्राहकाच्या वकिलाची. दोघेही इथे मतं म्हणूनच बसले आहेत, त्यांना नाव-गाव नाही. माझं मत वकिलाकडे झुकतं, हे आधीच सांगून टाकतो. पण व्यापारी पोकळ बोलत नाही, आणि त्याला नीट उत्तर दिल्याशिवाय वकिलाचा मुद्दा उभा राहत नाही.

व्यापारी सुरुवातीलाच हात झटकतो. “बघा वकीलसाहेब, गाडी जुनी आहे म्हणूनच ती २२ लाखांत मिळाली. नवी घ्यायला गेला असता तर तिप्पट मोजले असते. गिऱ्हाईक स्वतः आलं, हायवेला चालवून बघितलं, चार दिवस घासाघीस केली, डिलिव्हरी नोटवर सही केली. नोटवर लिहिलंय, ‘गाडी जशी आहे तशी’. आता तीन आठवडे फिरवून म्हणतो, परत घ्या. उद्या लग्नात मिरवलेला शालू परत आणून देतील!” यातला शालूचा मुद्दा खरा आहे. मन बदललं म्हणून माल परत, हा हक्क आपल्या कायद्यात जुन्या गाडीला नाही, आणि तो असावा असं मलाही वाटत नाही. ब्रेक पॅड झिजले, बॅटरी दमली, एअर सस्पेन्शनचा फुगा सात वर्षांनी बसला, तर ते घेणाऱ्याने पदरात घ्यावं. किंमत उतरलेली असते ती याच झिजेची. दसऱ्याला कोल्हापूरच्या राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार सीमोल्लंघनाला निघते तेव्हा तिचं वय कुणी दोष म्हणून मोजत नाही, कारण ती कुठून आली आणि कुणी सांभाळली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. जुनेपणा हा दोष नाही, आणि ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांत जुनेपणा येतो. दडवलेला भूतकाळ त्यात येत नाही. कारण ‘जशी आहे’ म्हणताना ती कशी आहे, हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

माझा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. झीज दुरुस्त होते, इतिहास दुरुस्त होत नाही. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, २२ कॅरेटच्या भावाने पाटल्या घेतल्या आणि त्या १८ च्या निघाल्या, तर सराफ काय दुरुस्त करून देणार? तो घडणावळ माफ करील, पॉलिश फुकट करून देईल, पण कॅरेट वाढवू शकणार नाही. पाटल्या परत घेणं एवढाच हिशेब उरतो. महागड्या जुन्या गाडीत किमतीचा मोठा भाग असाच कॅरेटचा असतो: किती मालक झाले, किती किलोमीटर चालली, कधी जोरात ठोकली का, पाण्यात गेली का. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत लाखांचा फरक पडतो तो पत्र्यामुळे नव्हे, या चार उत्तरांमुळे. म्हणून ‘पाण्यातली’ निघालेल्या गाडीचे दोन मोड्युल बदलून देतो म्हणणं हे पाटल्यांना पॉलिश करून देण्यासारखंच आहे. गंज वायरिंगच्या आतून चालत राहतो, दिवा पुन्हा लागतो, आणि दोन वर्षांनी गाडी विकायला काढली की तोच इतिहास पुन्हा एकतर सांगावा लागतो, नाहीतर लपवावा लागतो.

व्यापाऱ्याकडे इथे एक चांगला निकाल आहे. मारुती उद्योगाच्या २००६ मधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की क्लचचा बिघाड असेल तर क्लच बदलून द्या, अख्खी गाडी बदलायला लावू नका. “म्हणजे दुरुस्ती पुरते,” व्यापारी म्हणतो. क्लचला पुरतेच. त्या वॉरंटीत भाग बदलून देण्याचंच वचन होतं आणि बिघाड भागाचाच होता. पण वकील त्याच्यासमोर गोव्याचं प्रकरण ठेवतो. तिथल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि त्याच्या हाती आली २००९ ची गाडी, तीही काही शे किलोमीटर चाललेली. त्या गाडीचा एकही नटबोल्ट मोडलेला असण्याची गरज नव्हती. ग्राहक मंचाने गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा आदेश दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला त्यातून सोडवलं, कारण कंपनीला डीलरच्या त्या व्यवहाराची माहिती होती असं दिसत नव्हतं. डीलरची जबाबदारी मात्र तशीच राहिली. वर्ष हा काही सुटा भाग नसतो की काढून दुसरा बसवला. पूरही नसतो. आणखी एक गोष्ट या निकालातून आपोआप निघते: बोट बिल्ल्याकडे दाखवू नका. जर्मनीतल्या कारखान्याने गाडी पंचगंगेत घातलेली नाही. ज्याने ती ‘टकाटक आहे’ म्हणून विकली, त्याच्याकडेच जायला हवं.

आता व्यापारी त्याचं सगळ्यात मोठं पान टाकतो. “गिऱ्हाईकाने मेस्त्री का आणला नाही? मी अडवलं होतं का? कायदाच म्हणतो, डोळे उघडे ठेवून घ्या.” कायदा खरंच तसं म्हणतो, आणि एकदा नव्हे तर दोनदा. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, व्यापाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो बाजारात खपण्याजोगा असावा ही अट न लिहिताही करारात धरलेली असते. पण घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष पुढे उकरता येत नाही. आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, गप्प राहून केलेल्या फसवणुकीवर करार मोडता येतो, पण साध्या काळजीने ज्याला सत्य कळू शकलं असतं त्याला नाही. ‘साधी काळजी’ या दोन शब्दांवर कितीही वाद घालता येतो. माझं म्हणणं असं की घेणाऱ्याने टायर बघणं, इंजिनाचा आवाज ऐकणं, सर्व्हिस हिस्टरी मागणं ही साधी काळजी झाली. सीट सोडवून गालिचा उपटणं ही साधी काळजी नव्हे. टोकन देण्याआधी कुणी तसं करायला लागला तर हाच व्यापारी त्याला हाकलून देईल. मीटरचंही तेच. आजच्या गाडीत किलोमीटरचा आकडा फक्त काट्याच्या मागे नसतो, तो इतर मोड्युलांतही नोंदलेला राहतो, आणि काही बीएमडब्ल्यू गाड्यांत तर किल्लीतसुद्धा. मीटर मागे घेणारे पुष्कळदा किल्लीला विसरतात. पण किल्ली वाचणारं यंत्र घेऊन फिरणं हे गिऱ्हाईकाचं काम आहे का? सरकारी ॲपवर मालकाचा क्रमांक दिसतो, कर्जाचा बोजा दिसतो, विम्याची मुदत दिसते. गाडी पाण्यात गेली होती का, याचा रकाना त्यात नाही.

याच करार कायद्यात एक घोडा आहे, आणि तो मला त्यातल्या सगळ्या कलमांपेक्षा जास्त आवडतो. कलम १७ खाली उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. व्यापाऱ्याचा चेहरा इथे खुलतो. दुसऱ्या उदाहरणात घेणारी विकणाऱ्याचीच मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. तिथे नात्यामुळेच बापावर बोलण्याची जबाबदारी येते. वकिलाला हवं आहे ते तिसरं. त्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी धरून चालतो. विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, हे गप्प राहणं बोलण्याच्या बरोबरीचं आहे. घोडा तोच, मौनही तेच. घेणाऱ्याच्या एका वाक्याने निकाल उलटतो. दीडशे वर्षांपूर्वी हे वाक्य सिद्ध करायला साक्षीदार उभा करावा लागत असे. आज ते व्हॉट्सॲपवर राहतं, तारीख-वेळेसकट, आणि शेजारी दोन निळ्या खुणा.

“आणि मलाच फसवलं असेल तर?” व्यापारी विचारतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे. कोल्हापूरच्या बाजारात गाड्या चारही दिशांनी येतात. कर्नाटक आणि गोवा दाराशीच आहेत. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन दक्षिणेकडे स्वस्तात यायला लागल्या. ते सगळं कायदेशीर आहे, एमएच ०९ नंबरही रीतसर पडतो. पण मधे तीन एजंट असतील तर गाडीचं पूर्वचरित्र प्रत्येक हातात थोडं थोडं पुसलं जातं. तरीही माझं उत्तर आहे की भार व्यापाऱ्यानेच उचलावा, आणि तो पापी आहे म्हणून नव्हे. साखळीत लिफ्ट, स्कॅनर, मेस्त्री आणि रोजचा सराव एकट्या त्याच्याकडे आहे, आणि त्याच्या नफ्यात या जोखमीची किंमत आधीच धरलेली आहे. त्याला ज्याने फसवलं त्याच्या मागे तो जाऊ शकतो. गिऱ्हाईक तिकडे कसं जाणार? त्याला त्या माणसाचं नावही माहीत नसतं.

नाव माहीत नसणं हाच या धंद्याचा जुना रोग. वर्षानुवर्षं आरटीओच्या कागदावर गाडी थेट जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडे जायची. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि ज्याने गाडी घासून-पुसून उभी केली, भाव ठरवला, पैसे मोजून घेतले, तो मधला माणूस कागदावर कुठेच नाही. परत घ्या म्हणून दारात गेलं की उत्तर तयार: “आम्ही फक्त मध्यस्थ, मालकाशी बोला.” हे दार केंद्र सरकारने बंद केलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणं आलं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओला जाते, आणि ती गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तोच मालक मानला जातो. सगळीकडे हे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण पाळलं असेल तर डीलर ‘मध्यस्थ’ उरत नाही. म्हणून टोकन देण्याआधी अधिकारपत्र दाखवायला सांगणं हे टायरला लाथ मारून बघण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. व्यापारी यावर कुरकुरतो की जानेवारी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी बसला, त्यात हे कागद. पण हा करच सांगतो की सरकार त्याला दलाल समजत नाही, विकणारा समजतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधलं एक वाक्य दुकानदारांना फारसं ठाऊक नसतं आणि गिऱ्हाईकांना त्याहून कमी. अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत, कलम २(४७) मध्ये, एक पोटकलम असं आहे की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिली असेल ती, लिहिलीच नसेल तर ३० दिवस. म्हणजे परतीचा दरवाजा कायद्याने ठेवलेला आहे आणि त्याला महिन्याचं माप आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने हेच ३० दिवस जुन्या गाडीलाही लागू केले. तिथे या मुदतीत सदोष गाडी परत केली तर पैसे पूर्ण मिळतात, आणि पुढे दुरुस्ती फसल्यावर परत केली तर वापराचा आकार वजा होऊ शकतो. व्यापाऱ्याच्या शालूच्या तक्रारीला उत्तर याच वजावटीत आहे. ३००० किलोमीटर फिरवले असतील तर ते मोजा आणि कापा. “आणि नावावर चढलेला एक मालक? माझी सेकंड ओनर गाडी थर्ड ओनर होऊन परत येणार. ते नुकसान कोण भरणार?” खरं आहे, ते नुकसान होतं. पण ते त्या मौनाचं नुकसान आहे, आणि ज्याने मौन राखलं त्याच्या खात्यावर पडलं तर बिघडलं कुठे? व्यापाऱ्याला खरोखर माहीत नसेल तर मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. तरी २२ लाख गिऱ्हाईकाचे अडकून राहावेत, इतकी नाही.

गिऱ्हाईकाच्या बाजूने उभं राहायचं तर त्याची एक वाईट सवयही सांगायला हवी. तो वेळ घालवतो. दिवा लागला की आधी फोन, मग दुकानात चहा, मग ‘पुढच्या आठवड्यात बघू’, मग फुकटची एक दुरुस्ती, मग पुन्हा दिवा, आणि या सगळ्यात गाडी रोज शिरोली एमआयडीसीला जाते-येते. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, वाजवी काळ उलटूनही घेणाऱ्याने नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरतात. आणि एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे त्या कायद्याखाली परतीचा हक्क सरतो, उरते नुसती भरपाई. म्हणजे तो चहा फार महाग पडतो. उलट कलम ४३ त्याच्या बाजूचं आहे: नाकारलेला माल स्वतः नेऊन पोचवायची सक्ती नाही, नकार कळवला की पुरे. वकील म्हणूनच आग्रहाने सांगतो की ज्या दिवशी तो सीटबेल्ट बाहेर आला त्याच दिवशी फोटो, मेस्त्रीचा लेखी शेरा, एक नोटीस, आणि गाडी उभी. पट्टा कापून जपून ठेवायचा नाही, धुवायचाही नाही.

मग जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच दाखल होते, आणि २० ते ५० लाखांच्या खरेदीला शुल्क १००० रुपये आहे. गाडी मुंबईहून आणलेली असली तरी कोल्हापुरात राहणारा कोल्हापुरातच तक्रार करू शकतो, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय. मुदत दोन वर्षांची. गाडी फर्मच्या नावावर आहे म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा जुना आक्षेपही आता तितका चालत नाही. संचालकांच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्सिडीजचा तो बचाव मान्य केला नाही. वेळेबद्दल मात्र वकीलही खोटी आशा दाखवत नाही. कायदा म्हणतो ३ महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५. हे आकडे कायद्यातच शोभतात. सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेल्या एका बीएमडब्ल्यूत काही दिवसांतच दोष निघाला आणि फौजदारी तक्रार झाली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने नवी गाडी द्यायला सांगितलं, कंपनी तयारही झाली, पण तक्रारदाराने ती घेतली नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ५० लाख रुपये द्यायला सांगून प्रकरण मिटवलं. पंधरा वर्षं झाली होती, आणि तीही नव्या गाडीला. म्हणून मला आयोगापेक्षा दुकानाच्या काउंटरवरची परत महत्त्वाची वाटते. आयोग मागे उभा असावा, एवढंच.

“असं सगळे परत आणायला लागले तर आम्ही दुकानं बंद करायची का?” व्यापाऱ्याचा हा शेवटचा सवाल. सगळे आणणार नाहीत, कारण सगळ्या गाड्या पाण्यातल्या नाहीत. काही गिऱ्हाईकं या हक्काचा धाक दाखवून पैसे उकळायला बघतील, हे मी नाकारत नाही. तपासणीचा खर्च भावात चढेल आणि गाड्या थोड्या महाग होतील, हेही मान्य. पण आज नुकसान कुणाचं होतंय ते बघा. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच बाजारावर एक निबंध लिहिला, ज्याच्या जोरावर पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं: चांगली आणि वाईट गाडी घेणाऱ्याला वेगळी ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो, आणि त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकतच नाही. ज्या व्यापाऱ्याने महापुरातली गाडी परत पाठवली, स्वच्छ गाडी दोन लाख जास्त देऊन आणली, त्याला ते दोन लाख गिऱ्हाईकाकडून मिळत नाहीत, कारण शेजारचाही ‘टकाटक’ असंच म्हणतो. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून डीलरला जुन्या गाडीच्या काचेवर छापील पत्रक लावावं लागतं, वॉरंटी आहे की ‘जशी आहे तशी’. आपल्याकडे त्या काचेवर गाडीचा भाव आणि एखादा देव असतो. पाण्यात गेली होती का, ठोकली होती का, मीटर खरा का, अशा तीन ओळी आणि खाली दुकानाचा शिक्का एवढं लावलं, आणि खोटं निघाल्यास ३० दिवसांत परत असं लिहिलं, तर दोन लाख कशाचे ते गिऱ्हाईकाला तिथेच दिसेल.

व्यापारी थोडा वेळ काही बोलत नाही. मग वकिलाला म्हणतो, “तो घोड्याचा मेसेज काय लिहायचा म्हणालात?”

“‘गाडी पाण्यात गेलेली नाही, मोठा अपघात नाही आणि मीटर खरा आहे असं धरून मी टोकन देतोय. यातलं काही चूक असेल तर आत्ताच कळवा.’ एवढंच.”

“गिऱ्हाईकाने मला पाठवायचा.”

“हो.”

“आणि मी ज्याच्याकडून गाडी घेतो, त्याला मी पाठवला तर?”

“पाठवा की.”

“मग त्यात एक वाक्य वाढवा,” व्यापारी म्हणतो. “इन्शुरन्सचा क्लेम टाकला होता का, आणि टाकला असेल तर कंपनीने तो का नाकारला? पाण्यात गेली का म्हणून विचारलं तर लोक सरळ नाही म्हणून मोकळे होतात. क्लेमचं विचारलं की अडखळतात.”